दोन कार्यक्रमांच्या मधली वीस मिनिटं

गेल्या अंकात मोठ्या मेळाव्यांच्या तयारीबद्दल लिहिताना एक वाक्य सहज लिहून गेले: 'मेळावा सगळ्या मुलांचा असतो.' त्यावर एका बाईंचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती, 'सगळ्या म्हणजे कुठपर्यंत?' टोला बरोबर बसला. तीसेक वर्षं मुलांची शिबिरं भरवली, पण हा प्रश्न मला कुणी इतक्या कमी शब्दांत विचारला नव्हता. अपंगत्व किंवा आजार असलेल्या मुलांना अशा मेळाव्यांत सामील कसं करून घ्यायचं, याच विषयावर आलेल्या पत्रांतली पाच या वेळी घेतली आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

ताई, मी मुलांच्या पथकाचा गटप्रमुख आहे. लवकरच तीन दिवसांचा, चारशे मुलांचा मेळावा आहे. आमच्या पथकात अकरा वर्षांचा एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. आठवड्याच्या बैठकीत तो रमतो आणि दोरीच्या गाठी मारण्यात सगळ्यांच्या पुढे असतो. आयोजक म्हणतात, 'उद्घाटनापुरता आणा, फोटो होईल, मग घरी पोचवा.' मला ते पटत नाही. पण चारशे मुलांत तो बिथरला तर काय करायचं, हेही मला माहीत नाही.

आधी माझी एक चूक सांगते, म्हणजे पुढचं सांगायचा मला थोडा तरी हक्क मिळेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या शिबिरात नऊ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा होता. त्याच्यासाठी मी रात्र रात्र बसून तयारी केली होती. चित्रकलेत त्याला कुठे बसवायचं, खेळात कुणाच्या जोडीला द्यायचं, सगळं कागदावर होतं. चित्रकला झकास झाली. मग जेवणाची शिट्टी झाली आणि तो दिसेना. चित्रकला संपल्यापासून पानं मांडेपर्यंतची वीस मिनिटं माझ्या कागदावर कुठेच नव्हती. आम्ही दहा जण शोधायला निघालो, प्रत्येकाच्या तोंडात शिट्टी. शेवटी तो पाण्याच्या टाकीमागे सापडला. कानात बोटं घालून टाकीच्या पत्र्यावरचे बोल्ट मोजत बसला होता. शिट्टीला घाबरूनच तो तिथे गेला होता, आणि आम्ही शिट्ट्या वाजवत शोधतोय म्हटल्यावर बाहेर येणार कसा?

त्या दिवसापासून मी वेळापत्रक उलटं वाचते. कार्यक्रम शेवटी बघते, आधी मधल्या फटी बघते. तुमचा मुलगा गाठी मारताना बिथरणार नाही, तिथे तो राजा आहे. तो बिथरला तर हात धुवायच्या रांगेत बिथरेल, उद्घाटनाला पाहुणे उशिरा आले म्हणून उन्हात बसवून ठेवलं तर बिथरेल, 'आता अचानक सगळ्यांनी मैदानात या' अशी घोषणा झाली तर बिथरेल. तेव्हा तिन्ही दिवसांचा तक्ता समोर घ्या आणि दोन कार्यक्रमांच्या मधल्या प्रत्येक जागी लाल पेन्सिलीने लिहा: इथे तो कुठे असेल, कुणाबरोबर, आणि किती वेळ. जिथे उत्तर सुचत नाही, तिथे काम करायचं आहे.

रांगेचा उपाय सोपा आहे. त्याचं पथक पहिल्या फेरीत जेवू दे किंवा अगदी शेवटच्या. पथक म्हणते आहे, एकटा तो नव्हे. एकट्याला पुढे काढलंत की बाकीची मुलं 'त्याला का?' म्हणणार, आणि तेही रास्तच. शिट्टीच्या जागी हात वर करायची खूण ठेवा. एका मुलाने हात वर केला की बघणाऱ्याने करायचा. चारशे मुलं अर्ध्या मिनिटात गप्प होतात. मी करून बघितलं आहे, आणि पहिल्या वेळी माझाही विश्वास बसला नव्हता.

आवाजाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण 'सवय होईल त्याला' हे वाक्य मी फार ऐकलं आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचे जे दंडक वापरले जातात, त्यांत ८५ डेसिबलला आठ तास चालतात. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की मुभा निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. हा हिशेब सर्वसाधारण मोठ्या माणसाच्या कानांचा. समारोपाच्या रात्री स्पीकरसमोर पहिल्या रांगेत बसवलेल्या मुलांना आपण काय देतो याचा विचार करा. आणि ज्याच्या मेंदूला आवाज गाळून घेता येत नाही, त्याच्यासाठी तर पंख्याची घरघर, शेजारच्याची कुजबुज आणि माइक हे सगळं एकाच मापाचं असतं. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून पथकाची जागा मागे, कडेला आणि बाहेर पडायच्या वाटेजवळ मागून घ्या. कानांवर लावायचे आवाजरोधक हेडफोन घरी आठवडाभर आधी घालून बघू दे. मेळाव्यात पहिल्यांदा घातले तर तेच टोचतात.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी, मंडप अर्धवट बांधलेला असताना, त्याला मैदान दाखवून आणा. इथे झोपायचं, इथे जेवायचं, हे संडास, हे तुझं गाठींचं ठिकाण. फोटो काढा आणि त्या क्रमाने एक चोपडी करा. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा छोट्या 'सामाजिक गोष्टी' लिहायची पद्धत रूढ केली. काय होणार, कोण असणार, मला नको वाटलं तर मी काय करू शकतो, हे मुलाच्याच तोंडी साध्या वाक्यांत. फार कलाकुसर नको. मी मोबाइलवर काढलेले धूसर फोटो वापरले होते, चालले. चोपडीत एक रिकामं पान ठेवा, वर लिहा 'बदल'. पाऊस आला, पाहुणा बदलला, की त्या पानावर चिकटवायचं. बदल होणार हेही आधी ठरलेलं असलं की त्याचा दंश कमी होतो.

एक शांत तंबू मागा. आयोजक कुरकुरतील, तरी मागा. जनरेटरपासून लांब, स्वयंपाकाच्या धुरापासून लांब, आत दोन चटया, एक जाड पांघरूण, मंद उजेड. एक मोठं माणूस आत असेल, पण ते फोनवर बोलणार नाही आणि 'काय झालं बाळा?' असं दर दोन मिनिटांनी विचारणारही नाही. तंबू सगळ्यांना खुला ठेवा. पहिल्या रात्री घराची आठवण येऊन रडणारी मुलंच तिथे जास्त दिसतील. एकच पथ्य: तिथे कुणाला शिक्षा म्हणून पाठवायचं नाही. एकदा पाठवलंत की तंबू गेला.

आणि बिथरलाच तर? बोलणारं माणूस एकच. वाक्यं दोन-तीन शब्दांची. हात धरायचा नाही, 'माझ्याकडे बघ' म्हणायचं नाही. त्याला हलवू नका, बघ्यांना हलवा. गोळा झालेली तीस मुलं तिथून नेली की अर्धं काम होतं. तो हट्ट करत नसतो. हट्टी मूल मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, परिणाम होतोय का ते. हे मूल बघत नाही.

निघून गेला तर आधी पाणी. ही गोष्ट मी शिकले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण टाकीमागे आम्ही सगळ्यात शेवटी गेलो होतो, आणि त्या दिवशी आमचं नशीब की ती झाकलेली टाकी होती. बऱ्याच स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ फार असते. तळं, विहीर, हौद, ओढा जे काही जवळ असेल तिथे आधी माणूस धावला पाहिजे, बाकीचे नंतर शोधतील. ती जागा आणि ते माणूस पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा.

आता आयोजकांचं. 'फोटोपुरता' याला नाही म्हणा. मात्र मूल तिन्ही दिवस राहिलंच पाहिजे असाही हट्ट धरू नका. दीड दिवसात तो म्हणाला घरी जायचं, तर जाऊ दे. फरक एवढाच की ते त्याने ठरवलेलं असेल. आणि गाठींचं दालन त्याच्याकडे सोपवा. उपकार म्हणून नव्हे, त्याच्याइतक्या चांगल्या गाठी तिथे दुसऱ्या कुणाला येत नसतील म्हणून.

ताई, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअर वापरते. मेळाव्याच्या समितीने फार प्रेमाने सांगितलं, 'तिला आम्ही पाहुण्यांशेजारी व्यासपीठावर बसवू.' तिला खजिन्याच्या शोधात जायचं आहे. मी भांडू का?

भांडा, पण पट्टी घेऊन भांडा.

प्रेमाने बोलणाऱ्या समितीशी वाद घालणं कठीण जातं. 'जमेल का?' असं विचारलंत तर 'बघू' हेच उत्तर येतं. त्याऐवजी मोजून जा. उताराचा सर्वमान्य दंडक १:१२ आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. व्यासपीठाला पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची झाली ४५ सेंटिमीटर, आणि उतार हवा ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब. आयत्या वेळी टाकलेली फळी दीड मीटरची असते. तिच्यावरून खुर्ची चढत नाही, चार स्वयंसेवक उचलून चढवतात आणि टाळ्या होतात. त्या टाळ्या ऐकताना तेरा वर्षांच्या मुलीला काय वाटतं ते मला एका मुलीने सांगितलं होतं. इथे लिहिण्याजोगे शब्द नव्हते.

खुर्ची वळवायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. तंबूच्या दोऱ्या आणि मेखा तिथे नकोत. संडासाचं दार, आतली जागा, दांडा, कडी कुठल्या उंचीवर आहे, हे सगळं स्वतः जाऊन बघा. खरं तर तिला घेऊन जा, तिलाच बघू दे. संडास नीट नसेल तर मुली पाणी प्यायचं सोडतात, हे कुठल्याही समितीच्या इतिवृत्तात येत नाही.

खजिन्याच्या शोधाचं म्हणाल, तर पूर्ण मार्ग बदलायची गरज क्वचितच पडते. चिठ्ठ्या झाडावर टांगायच्या त्या खुर्चीत बसून हात पोचेल तिथे टांगायच्या. वाळू, चिखल आणि दगडगोटे टाळणारी वाट सगळ्याच पथकांना द्यायची. एखादी चिठ्ठी टेकडीवरच असणार असेल तर नियमच असा करा की प्रत्येक पथकाने दोघांना वर पाठवायचं आणि बाकीच्यांनी खाली नकाशावर पुढचं कोडं सोडवायचं. म्हणजे खाली थांबणं हे काम होतं. पण नकाशा कायम तिच्याच हातात नको. तिला नकाशा वाचण्याचा कंटाळा असेल तर? विचारा.

समितीला कागद हवा असेल तर तोही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ सालचा. त्याच्या कलम ३० मध्ये दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळ, करमणूक आणि क्रीडाप्रकारांत भाग घेता आला पाहिजे असं स्वच्छ म्हटलं आहे. भाग घेता आला पाहिजे, व्यासपीठावरून बघता आला पाहिजे असं नव्हे. कलम दाखवायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, पण पर्समध्ये असू दे.

मॅडम, मी एकोणीस वर्षांचा स्वयंसेवक आहे. मागच्या शिबिरात माझ्या तुकडीतल्या एका मुलाला फिट आली, दुसऱ्याला मधुमेह आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दोघेही आता ठीक आहेत. पण मला पुन्हा स्वयंसेवक व्हायची भीती वाटते.

भीती वाटते म्हणजे तू कामाचा माणूस आहेस. काही न वाटणारे मी बघितले आहेत.

फिट आली की पहिलं काम घड्याळ बघणं. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांचं वाटतं. डोक्याखाली काहीतरी मऊ दे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलव, चष्मा काढ. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. कांदा, चप्पल हुंगवायला कुणीतरी हटकून येतं, त्याला पाणी आणायला पाठव, म्हणजे तो गुंततो. झटके थांबले की कुशीवर वळव आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बस. पाच मिनिटांहून जास्त चाललं, एक संपून शुद्ध येण्याआधी दुसरी आली, आयुष्यातली पहिलीच फिट असली, पाण्यात आली किंवा डोक्याला लागलं, तर लगेच रुग्णवाहिका. घरून डॉक्टरांनी तातडीचं औषध आणि सूचना लिहून दिल्या असतील तर त्या कागदाप्रमाणे.

शिबिरात फिट यायची दोन साधी कारणं असतात: रात्रभर गप्पा मारून झोप न होणं आणि गोळी चुकणं. दोन्हींवर तुला लक्ष ठेवता येतं. तिसरी गोष्ट चमकणारे दिवे. फिट येणाऱ्या शंभर जणांत तीनेक जणांनाच त्यांचा त्रास होतो, सेकंदाला ३ ते ३० वेळा लखलखणारा उजेड बहुधा त्याला कारण होतो. आकडा लहान आहे, पण समारोपाच्या नाचाला तसले दिवे लावले नाहीत म्हणून कोणत्या मुलाचं काय अडतं? ते भाड्याने आणूच नका म्हणून सांग.

मधुमेहाचं: भरपूर चालणं झालं की साखर उतरते, कधी कधी त्याच रात्री झोपेत उतरते. मूल चिडचिडं झालं, घाम फुटला, हात थरथरले, भलतंच बोलू लागलं, तर वाद घालू नको. त्याला तपासता येत असेल तर साखर तपासायची, नाहीतर उतरलीच आहे असं धरून सुमारे १५ ग्रॅम साखर मिळेल असं गोड पेय किंवा ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. ते गोड तुझ्या खिशात हवं, कार्यालयाच्या कपाटात नको. शुद्ध हरपली असेल तर तोंडावाटे काहीच नाही, वैद्यकीय मदत बोलाव. त्याला एकट्याला प्रथमोपचार तंबूकडे चालत पाठवायचं नाही. इन्सुलिन उन्हात तापलेल्या तंबूत ठेवायचं नाही आणि बर्फाला चिकटवूनही नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं.

पण तुझ्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच: 'दुसऱ्या दिवशी कळलं.' ही तुझी चूक नाही. अर्जावर बहुधा 'आजार अथवा अपंगत्व असल्यास नमूद करावे' अशी एक ओळ असते. आईबाप ती कोरी ठेवतात, कारण मागे एकदा भरली होती तेव्हा प्रवेश नाकारला गेला होता. माझ्या अर्जावर ती ओळ कित्येक वर्षं होती, आणि 'पालक खोटं बोलतात' म्हणून मी कुरकुरत असे. मग एका आईने मला सुनावलं, 'तुम्ही नाव विचारता, आम्ही लपवतो. काय करायचं ते विचारा, आम्ही सांगू.' तेव्हापासून सगळ्या मुलांच्या अर्जावर तेच प्रश्न असतात: कुठलं औषध, किती वाजता? मोठ्या आवाजाचं, अंधाराचं, गर्दीचं काय? घाबरला हे कशावरून ओळखायचं? शांत कशाने होतो? झोपताना काय लागतं? अर्जावरच वर लिहिलेलं असतं की उत्तरांवरून प्रवेश ठरत नाही. त्या वर्षी अर्ज आले त्यांत अंथरूण ओलं करणारी, अंधाराला भिणारी, एका कानाने ऐकू न येणारी कितीतरी मुलं होती. ती आधीही येतच होती, आम्हाला पत्ता नव्हता.

ही माहिती कुणाला द्यायची? ज्याला लागते त्यालाच. तुला लागते. शेजारच्या तंबूतल्या मुलांना नाही. ज्यांना आपण होऊन कळवायचं असेल त्यांच्यासाठी काही खूण ठेवता येते. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ साली वरवर न दिसणारं अपंगत्व असलेल्या प्रवाशांसाठी सूर्यफुलांचं चित्र असलेल्या हिरव्या गळपट्ट्या सुरू झाल्या, त्या आता बऱ्याच ठिकाणी चालतात. पण गळ्यात घालायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. तुझ्या तुकडीतल्या सगळ्या 'वेगळ्या' मुलांना एकाच रंगाच्या टोप्या दे असं कुणी सुचवलं तर मान हलव आणि टोप्या हरवून टाक.

माझी बारा वर्षांची मुलगी समजूतदार म्हणून शिबिरात तिला तीन दिवस डाऊन सिंड्रोम असलेल्या एका मुलीची 'सोबतीण' नेमलं. दोरीच्या पुलावर चढायची तिची पाळी आली तेव्हा ती त्या मुलीला शौचाला घेऊन गेली होती. घरी आल्यावर रडली. असं म्हटलं की आम्ही स्वार्थी ठरतो. तुम्हीच सांगा.

स्वार्थी अजिबात नाही. रागवा, फक्त त्या मुलीवर नको, नेमणाऱ्यांवर.

बारा वर्षांच्या मुलीकडे दुसऱ्या मुलीचं शौचाचं काम देणं हे दोन्ही मुलींवर अन्याय करणारं आहे. कपडे बदलणं, शौच, औषध, आणि 'ती कुठे आहे' यावर डोळा ठेवणं ही कामं मोठ्यांची. आणि मोठ्यांनीही ती एकट्याने, आडोशाला, दुसऱ्या मोठ्या माणसाला ठाऊक नसताना करायची नाहीत. हा नियम सगळ्याच मुलांसाठी आहे, पण जिला स्वतःला नीट सांगता येत नाही तिच्यासाठी तर तो वाकवायचाच नाही. 'माणसं कमी होती' हे उत्तर मिळेल. माणसं कमी असतील तर मुलं कमी घ्यावीत. समजूतदार मुलींना राबवू नये. बघा, कसं कोण जाणे, पण या कामाला मुलगे मात्र क्वचितच नेमले जातात.

सोबती ठेवायचाच तर एकेका खेळापुरता, पाळीपाळीने, आणि मुलांना विचारून. त्या दुसऱ्या मुलीलाही विचारून. तीन दिवस तिच्या वाट्याला कोण आलं? मैत्रीण नव्हे, पहारेकरी. तिला ते कळलं नसेल असं समजू नका.

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या क्रीडास्पर्धा भरवणारं स्पेशल ऑलिम्पिक्स १९६८ साली शिकागोत सुरू झालं. त्यांच्या 'युनिफाइड स्पोर्ट्स'मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात, एकाच रंगाच्या बनियनात खेळतात. तिथे कुणी कुणाला सांभाळत नाही. चेंडू टाकायचा तर शेजारच्याला टाकावाच लागतो. शिबिरात असं काही करता आलं असतं. तुमच्या मुलीला विचारा, दोरीचा पूल अजून चढायचा आहे का. आणि आयोजकांना लिहा की दोन पाळ्या राखून ठेवा, कारण त्या दिवशी दोघींची हुकली.

तुम्हाला काय म्हणायचं ते ठरत नाही म्हणून मावशी म्हणते. मी चौदा वर्षांची आहे, कानात यंत्र वापरते. शिबिरात सगळं छान असतं, पण शेकोटीजवळ कुणीतरी विनोद सांगतं, सगळे हसतात, मी पण हसते. मला ऐकू आलेलं नसतं. काय झालं विचारलं की म्हणतात, 'काही नाही गं, नंतर सांगते.'

मावशी चालेल.

गेली चार वर्षं माझ्याही डाव्या कानात यंत्र आहे, आणि मी पण हसते. साठीतल्या बाईने शहाण्यासारखं वागायला हवं होतं, पण 'नंतर सांगते' ऐकलं की मला अजूनही खुर्ची उचलून घरी जावंसं वाटतं.

शेकोटी ही आपल्यासाठी फार वाईट जागा आहे, हे गटप्रमुखांना सांगावं लागतं. त्यांना वाटतं यंत्र लावलं म्हणजे चष्म्यासारखं सगळं स्वच्छ. यंत्र तर लाकडांचा तडतडाटही मोठा करतं. त्यात बोलणाऱ्याच्या पाठीमागे जाळ असला की चेहरा काळा दिसतो, ओठ वाचता येत नाहीत. म्हणून सांगायचं: जो बोलेल त्याने जाळाच्या अशा बाजूला उभं राहायचं की उजेड त्याच्या तोंडावर पडेल, आणि एक कंदील किंवा टॉर्च हातात घ्यायचा. ज्याच्या हातात कंदील, त्यानेच बोलायचं. कंदील पुढच्याकडे गेला की तुला कळतं आता कुणाकडे बघायचं. एकदम चार जण बोलणं आपोआप थांबतं. लहान मुलांना तर कंदील धरायचा म्हणून बोलायची हौस येते. तू स्वतः जाळापासून जरा लांब, अर्धगोलाच्या टोकाला बस, म्हणजे सगळे चेहरे समोर येतील. यंत्राला जोडायचा छोटा माइक तुझ्याकडे असेल तर तो कंदिलालाच बांधून टाका. रात्री बॅटऱ्या संपतात, जास्तीच्या खिशात ठेव. खुणांची भाषा वापरणारी मुलं शिबिरात असतील तर दुभाष्याच्या तोंडावर आणि हातांवर उजेड हवा. आणि दुभाषी दोन हवेत, कारण अर्ध्या तासाच्या आत एकाचे हात आणि डोकं दोन्ही थकतात.

विनोद चुकला तर लगेच हात वर कर आणि 'पुन्हा' म्हण. पुन्हा सांगितलेला विनोद पचका होतो असं सांगणाऱ्याला वाटतं. होऊ दे. दोन-तीनदा पचका झाला की तो पहिल्यांदाच कंदील तोंडाजवळ धरून सांगायला लागतो.

त्या रात्री ते कशाला हसत होते, ते मैत्रिणीला गाठून विचार आणि मला कळव. पत्र वाचल्यापासून मला तोच प्रश्न पडला आहे.